खेळातला बांध

मुलीच्या मोबाइलवरच्या शेतीच्या खेळात मी पहिल्याच दिवशी शेजारच्या गावाचा बांध कोरला. खेळात ओढ्याच्या दोन काठांना दोन गावं आहेत, त्यांचं एकमेकांशी पटत नाही, आणि माझं शेत नेमकं हद्दीवर. नांगर मिळाला आणि सवयीने हातभर पलीकडे सरकला. पलीकडच्या गावाने माझ्याशी बोलणंच टाकलं.

मग मी माती परत सारली आणि तिथल्या एका म्हातारीच्या दारात रोज एक भोपळा ठेवू लागलो. ती दार उघडायची, बघायची, लावून घ्यायची. सातव्या दिवशी म्हणाली, "ये, बस." चित्रातली म्हातारी ती, तरी मी सावरून बसलो.

खऱ्या शेतात दादाचा बांधही मीच असा हातभर कोरला होता. त्याला अकरा वर्षं झाली. बांधावरची बोर अजून दोन्हीकडे बोरं टाकते. आम्ही भाऊ आपापल्या बाजूची वेचतो, मान वर न करता.

मुलगी खांद्यावरून बघत होती. म्हणाली, "बाबा, खोट्या म्हातारीला सात भोपळे दिलेत. मोठ्या काकांना एक नेऊन द्यायला काय बटण शोधताय?"