आधी नंबर, मग फाटक

रेल्वेच्या फाटकावर माणूस काय करतो, असं कुणालाही विचारा. फाटक लावतो आणि उघडतो, असंच उत्तर मिळेल. चांगुणाबाईंना विचारलं असतं तर त्यांनी सांगितलं असतं, की फाटकवाली मुख्यतः शिव्या खाते. बदनापूरच्या बाजाराचा रस्ता त्यांच्या फाटकातून जायचा, आणि जगात घाई फक्त आपल्यालाच आहे अशी तिथं येणाऱ्या प्रत्येकाची खात्री असायची. गाडी जाईपर्यंत लोक बाईंच्या सात पिढ्यांचा उद्धार करायचे आणि बाई हिरवी झेंडी धरून उभ्या असायच्या.

माहेर अंतरवाली सराटीचं, शिक्षण चौथीपर्यंत. नवरा कडूबा रेल्वेत रूळदुरुस्तीच्या गँगमध्ये होता. अठ्ठ्याऐंशी साली तो मालगाडीखाली गेला आणि वर्षभरानं त्याच्या जागी बाईंना हे फाटक मिळालं. कडूबाला घरी आणलं तेव्हा त्यांना रडू आलं नाही. तेराव्यालाही नाही. गावानं त्यांना धीराची बाई ठरवून टाकलं. न कळलेल्या गोष्टीला चांगलंसं नाव द्यायची गावाला सवयच असते. धीर कसला, आतून सगळं बधिर झालं होतं. जेवण जायचं, झोप लागायची, मुलीचं लग्नही नीट पार पडलं. पण हे दुसऱ्याच कुणाचं तरी चाललंय असं त्यांना वाटायचं.

कामाची रीत सोपी होती. स्टेशनावरून नरहर मास्तरांचा फोन आला, की बाईंनी फाटकाचे दोन्ही पल्ले लावायचे, साखळ्या ओढून कुलपं घालायची, आणि मग खोलीत येऊन छापील कागदावरचा पुढचा नंबर मास्तरांना सांगायचा. नंबर म्हणजे शब्द दिला, फाटक बंद आहे. त्याशिवाय गाडीला सिग्नल मिळत नसे. ही झाली पुस्तकातली रीत. प्रत्यक्षात रस्त्यावरचे लोक पल्ला लावू देत नसत आणि फोनवर मास्तर ओरडत असत, कारण गाडी का खोळंबली म्हणून त्यांच्यावर वरचे ओरडत. म्हणून बाई नंबर आधी द्यायच्या आणि फाटक मागाहून लावायच्या. गाडी यायला सहा-सात मिनिटं लागायची, तेवढ्यात उरकायचं. सात वर्षं उरकलं.

शहाण्णवच्या नोव्हेंबरात, एका दुपारी, नंबर देऊन बाई बाहेर आल्या तर कापसानं भरलेली ट्रॉली रुळांवर उभी. जोडाची पिन तुटून ट्रॅक्टर एकटाच पुढे गेलेला आणि कापसावर वेचणाऱ्या आठ बायका बसलेल्या. गाडी स्टेशनातून सुटली होती. बायकांना उतरा म्हणून ओरडून बाई लाल झेंडी घेऊन गाडीच्या दिशेनं पळाल्या. पन्नास पावलं गेल्या असतील, तोवर उड्या टाकलेल्या बायकांनी आणि ट्रॅक्टरवाल्यानं खांदे लावून ट्रॉली उतारावर ढकलली. वळणावरच्या बाभळींआडून इंजिन निघालं तेव्हा रूळ मोकळे होते. बाईंनी लाल झेंडी काखेत मारली आणि हिरवी दाखवली. ड्रायव्हरला काही कळलंसुद्धा नाही.

एक बाई रस्त्याच्या कडेला बसून ओकत होती. चांगुणाबाई खोलीत गेल्या, वहीत गाडीची वेळ लिहिली, मग चुलीवरची डाळ उतरवली. डाळीत मीठ बरोबर पडलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला आणि त्यांनी आधी नंबर दिला, मग फाटक लावलं. कुलूप घालताना त्यांच्या लक्षात आलं, की आपल्याला भीतीसुद्धा वाटली नाही, म्हणजे हे पुन्हा होणार.

त्याच हिवाळ्यात सुरक्षेच्या नव्या साहेबांनी छापील कागद वाटले. टळलेले अपघात कळवा, शिक्षा होणार नाही; वरच्या पट्टीवर नाव-पत्ता लिहा, ती पट्टी मी स्वतः कापून तुम्हाला पोस्टानं परत पाठवीन. यावर कुणाचाही विश्वास बसला नाही, आणि बसावा असं रेल्वेत काही घडलंही नव्हतं. नाव फुटलं की नोकरी जाणार, नोकरीबरोबर राहती खोली जाणार, हे बाईंना पक्कं माहीत होतं. सासरी त्यांना जागा उरली नव्हती. तरी चार संध्याकाळी बसून त्यांनी कागद भरला आणि पाठवला. नंतरचे वीस दिवस त्या पोस्टमनची वाट बघत होत्या. पट्टी आली. बाईंनी ती जाळून टाकली.

फेब्रुवारीत जालन्याला सगळ्या फाटकवाल्यांची बैठक झाली. साहेबांनी एक कागद वाचून दाखवला. गाव, ट्रॉली, कापूस सगळं गाळलं होतं. रुळांवर अडकलेलं वाहन, आधीच दिलेला नंबर आणि वाचलेली माणसं, एवढंच ठेवलं होतं. शेवटच्या ओळी मात्र बाईंनी लिहिल्या तशाच होत्या: भीती वाटली नाही. दुसऱ्या दिवशी परत आधीच नंबर दिला. म्हणून कळविले आहे.

चहाच्या वेळी शेजारच्या फाटकाचे रखमाजी बाईंना एका बाजूला घेऊन गेले. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस, पण तोंडावरचा रंग उडाला होता. कुणीतरी आपली चुगली केली, हे आपल्याच फाटकावरचं आहे, असं ते म्हणत होते. त्यांच्याकडे वैशाखात वऱ्हाडाची जीप अडकली होती. नंबर आधीच दिला होता.

बाईंनी आजूबाजूला बघितलं. आणखी दोघं-तिघं कप हातात धरून तसेच उभे होते, चहा न पिता. गप्प बसल्या असत्या तर त्यांचं नाव कधीच फुटलं नसतं.

"रखमाजी भाऊ, ते तुमचं न्हाई. माझं हाय," त्या म्हणाल्या. "म्या लिव्हलंय."

रखमाजींनी हातातला कप ओट्यावर ठेवला. मग म्हणाले, "मला लिव्हता येत न्हाई, बाई. मी त्या कागदानं चूल पेटवली. माझंबी लिहून द्या." आणि पुढं म्हणाले, "पण मला भ्या वाटल्तं, ते बराबर लिवा. जीपमधी नवरी व्हती. अजून जेवताना मधीच आठवती."

बाईंनी साहेबांकडून कोरा कागद मागून आणला आणि तिथंच ओट्यावर बसून लिहिला. पट्टीवर रखमाजींनी अंगठा दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी फोन वाजला. नरहर मास्तरांनी नंबर मागितला.

"फाटक लागलं न्हाई आजून," बाई म्हणाल्या. "नंबर न्हाई देत."

मास्तर ओरडत असतानाच त्यांनी फोन ठेवला. बाहेर दोन ट्रॅक्टर, एक जीप आणि शिव्या. गाडी सिग्नलपाशी उभी राहून शिट्ट्या देत होती. एक पल्ला लागला, दुसरा लागला, साखळ्या ओढून झाल्या. पण किल्ली काही केल्या कुलपात जाईना. रुळांवर कुणी नव्हतं, कुणी मरणार नव्हतं, तरी चांगुणाबाई घाबरल्या होत्या.