एक कांडी जास्त

व्हर्लिन हॉगन काडतुसं भरायला तळघरात उतरला की त्याची बायको आर्डिस स्वेटर शोधायला उठायची. कारण तो पहिलं काम करायचा ते घर गरम ठेवणारी भट्टी बंद करण्याचं. भट्टीची गरम हवा जाळीतून आली की बारूद तोलायचा काटा हलतो, असं त्याचं म्हणणं. मग डोक्यावरची ट्यूबलाइट बंद, फोन वरच्या मजल्यावर, दार घट्ट.

"कुत्र्याने श्वास घेतला तर चालेल का?" आर्डिस जिन्यावरून ओरडायची.

"हळू घेऊ दे म्हणावं," खालून उत्तर यायचं.

मॉन्टानाच्या आमच्या गव्हाच्या मुलखात विकतचं काडतूस वापरणारा माणूस आणि नाताळला लेफ्सा, म्हणजे बटाट्याची पोळी, विकत आणून घरी लाटल्यासारखं दाखवणारी बाई, दोघांकडे लोक सारख्याच नजरेने बघतात. प्रत्येकाच्या तळघरात एक बाक असतो. वापरलेली पितळी पुंगळी घासूनपुसून घ्यायची, तिच्यात बारूद तोलून घालायची, वर गोळी बसवायची. ही बारूद म्हणजे पेन्सिलीच्या शिसाचे बारीक तुकडे करावेत तशा काळ्या कांड्या. व्हर्लिनने उभा जन्म गावच्या धान्यकोठारात वजनकाट्यावर काढला होता. दिवसभर ट्रकच्या ट्रक गहू तोलून घरी यायचा आणि चिमटीने एकेक कांडी काट्यावर सोडत बसायचा. त्याला त्यात काय सुख मिळायचं ते देव जाणे, पण मिळायचं हे त्याच्या तोंडावर दिसायचं.

मग त्याचा उजवा हात कापायला लागला. आधी थोडा, कॉफीच्या कपापुरता. पुढे चिमटीतल्या कांड्या काट्यावर पडण्याऐवजी बाकभर पसरू लागल्या. तेव्हा त्याने ते आपोआप मोजणारं यंत्र आणलं. बटण दाबलं की त्याची नळी गरगर फिरते, बारूद वाटीत पडते, वजन जवळ आलं की नळी मंदावते आणि शेवटी कांडीकांडीने भर घालते. म्हणजे घालायला हवी. प्रत्यक्षात शेवटच्या क्षणी नळीच्या तोंडाशी साठलेला पुंजका भसकन पडायचा आणि वजन वर जायचं. त्यावर आमच्याकडचा इलाज ठरलेला आहे: बर्गरच्या दुकानातली स्ट्रॉ कापून नळीत बसवायची, म्हणजे तोंड लहान होतं. कोणत्या दुकानातली स्ट्रॉ चांगली, यावरून चर्चच्या पायरीवर भांडणं झालेली आहेत.

व्हर्लिनने स्ट्रॉ बसवली, तरी त्या वसंतात त्याच्या गोळ्या लक्ष्यावर विखुरलेल्याच राहिल्या.

"यंत्र चुकतंय," तो म्हणाला.

ग्रेट फॉल्सच्या डॉक्टरने त्याला हात पुढे धरायला सांगितला, बराच वेळ पाहिला आणि आजाराचं नाव सांगितलं. घरी येऊन व्हर्लिनने आर्डिसला सांगितलं, "म्हणाला, वय झालं." आणि तो थेट तळघरात गेला.

दर शरदात आमच्या क्लबचे चार नेमबाज शेजारच्या खोऱ्याशी लांब पल्ल्याचा सामना खेळतात. व्हर्लिन मिसरूड फुटल्यापासून त्या चौघांत होता. नावं ठरवायची ऑर्व्हल ट्वेटने. ऑर्व्हलचं हार्डवेअरचं दुकान, आणि शाळेपासून व्हर्लिनला टोमणे मारणं हा त्याचा खरा धंदा.

"यंत्राची नळी नीट होऊ दे," व्हर्लिन त्याला म्हणाला. "मग गोळ्या नीट लागल्या तर नाव घाल, नाहीतर घालू नकोस. रायफलही विकून टाकीन."

"तुझी रायफल घेणार कोण? लाकूड तेवढं शेकोटीला बरं," ऑर्व्हल म्हणाला, आणि त्याच संध्याकाळी स्क्रूचा डबा घेऊन हजर झाला.

तो सगळा उन्हाळा त्या दोघांनी यंत्रावर घालवला. आतला काटा काढून एका बंद पडलेल्या प्रयोगशाळेतला जुना काटा बसवला. त्याच्याभोवती काचेची पेटी केली. शेवटच्या कांड्यांसाठी वेगळी, अगदी बारीक नळी जोडली, तिला इवलीशी मोटर. बारीक स्क्रू व्हर्लिनच्या हातून निसटायचे आणि जमिनीवर हरवायचे. ऑर्व्हल गुडघ्यांवर रांगत शोधायचा.

"शाळेपासून आजवर तुझ्यापुढे गुडघे टेकले नव्हते, लेका."

"दिवा सरकव. शोभतंय तुला."

गव्हाची कापणी संपून थंडी पडू लागली तेव्हा यंत्र जमलं. एक कांडी वाटीत टाकली तरी आकडा हलायचा. त्यांनी भरलेलं प्रत्येक माप दुसऱ्या काट्यावर पुन्हा तोललं. एक कांडी इकडे नाही की तिकडे नाही. व्हर्लिन लहान पोरासारखा हसला.

"संपलं तुझं, म्हाताऱ्या," ऑर्व्हलने त्याच्या पाठीत थाप मारली. "आता सबबच उरली नाही!"

बोलून गेला आणि स्क्रूचा डबा आवरायला लागला. व्हर्लिन हसतच होता, पण जरा वेळाने त्यानेही काचेची पेटी पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते खडीच्या खाणीमागच्या नेमबाजीच्या रेंजवर गेले. आमच्याकडे वारा नसलेली सकाळ क्वचितच मिळते. ती मिळाली होती. खांबावरचं निशाण ओल्या फडक्यासारखं लटकत होतं. व्हर्लिन पालथा झोपला, श्वास सोडला आणि पाच गोळ्या झाडल्या. दुर्बिणीतून पाहिलं तर एक डावीकडे, दोन उजवीकडे, एक कडेवर, एक कुठे गेली कळेचना.

"मशीनमध्ये अजून काहीतरी आहे," व्हर्लिन म्हणाला. "तू गोळ्या झाडून बघ. माझीच रायफल, माझीच काडतुसं."

ऑर्व्हल टाळत होता. चष्मा विसरलो म्हणाला, तर चष्मा त्याच्या नाकावर होता. शेवटी झोपला. पहिल्या चार गोळ्या एका बशीत मावाव्यात अशा एकमेकींना चिकटून बसल्या. मग तो बराच वेळ थांबला. पाचवी गेली हातभर डावीकडे.

"बघ!" ऑर्व्हल घाईने उठला. "तू म्हणत नव्हतास? यंत्रच. त्या एकात कांडी जास्त पडली असणार."

त्याने टोमणा मारला नाही. चार गोळ्या अशा लागल्यावर हा माणूस एरवी दुकानात, चर्चमध्ये, कॉफीवर, हिवाळाभर ऐकवत फिरला असता. व्हर्लिनने खांबावरच्या निशाणाकडे पाहिलं. ते हललं नव्हतं. बारूद जास्त झाली तर एवढ्या लांबवर गोळी वर लागते, कमी झाली तर खाली. बाजूला जात नाही. बाजूला नेतो तो वारा, नाहीतर माणूस. हे त्या दोघांना मिसरूड फुटायच्या आधीपासून ठाऊक होतं. आणि स्वतःच्या गोळ्या वसंतभर डावी-उजवीकडे जाताना व्हर्लिनने पाहिल्या होत्या. पाहिल्या होत्या आणि तळघरात जाऊन पुन्हा स्ट्रॉ कापली होती.

ऑर्व्हल खाली वाकून रिकाम्या पुंगळ्या वेचत होता. त्याची मान लाल झाली होती.

"हो," व्हर्लिन म्हणाला. "यंत्रच असेल."

"नाव घालतो मी तुझं. सामन्याला अजून वेळ आहे, तोवर नीट करू."

"नको. यंदा क्लबातल्या नेल्सनच्या पोरीला घे. चांगला नेम आहे तिचा."

ऑर्व्हल वाद घालेल असं व्हर्लिनला वाटलं होतं. त्याने घातला नाही, आणि व्हर्लिन रायफल आवरू लागला.

दुपारी घरी येऊन तो नेहमीसारखा तळघरात उतरला. आर्डिसने सवयीने खुंटीवरचा स्वेटर काढला आणि भट्टीची घरघर थांबायची वाट पाहिली. ती थांबली नाही. जाळीतून गरम हवा येतच राहिली.

"अरे, विसरलास का?" ती जिन्यातून खाली वाकून म्हणाली. "भट्टी चालू आहे, काटा हलेल तुझा."

"असू दे," खालून आवाज आला. "तुला थंडी वाजते ना."

आर्डिस हातातला स्वेटर तसाच धरून पायरीवर बसली. घर कधी नव्हे इतकं उबदार झालं होतं, आणि तिला रडू आवरेना.