लोडवर येणारा आवाज

स्टिअरिंगवरचा डावा हात मामा एकदम वर उचलायचे. तळवा समोर, पोलीस गाडी थांबवतो तसा. बोलणाऱ्याला बोलणं तिथंच तोडावं लागे. "आला. ऐकला का?" मग वेग कमी, मान तिरकी, आणि सगळा जीव खाली पायांशी. तुमच्याही ओळखीत असा एखादा चालक असेल. गाडीचं कुरकुरणं त्याला घरच्या माणसाच्या खोकल्यासारखं ओळखू येतं.

सेनगावात ते आमच्या शेजारी राहायचे. स्वतःची पिकअप होती. आठवडी बाजाराला शेळ्या, हंगामात सोयाबीन. मी अडत दुकानात मुनीम. त्यांच्या गाडीतला माल माझ्याच काट्यावर उतरे. मी त्यांना मामा म्हणायचो, ते मला मुनीमजी.

त्यांचा कान पक्का होता, हे आधी सांगतो. एकदा पहिल्या गिअरला गाडी उचलताना खाली 'कट्' असं वाजलं. मला वाटलं दगड उडाला. "दगड कशाचा! शाफ्टचा क्रॉस गेला." गॅरेजच्या मिस्त्रीनं खाली शिरून शाफ्ट हलवून पाहिला, तर सांध्यातला क्रॉस खरंच खिळखिळा. त्या दिवसापासून गल्लीत मामांच्या कानावर शंका घ्यायची सोय उरली नाही.

गेल्या हिवाळ्यात नवा आवाज सुरू झाला. बारीक, लांबट. "पिंऽऽ करून राहिला," मामा म्हणाले. मिस्त्रीनं रीतसर विचारलं. क्लच दाबल्यावर जातो? न्हाई. न्यूट्रलला? तरी येतो. "मग मागचं काम हाये. शाफ्ट, न्हाईतर हाऊसिंग," असं म्हणून तो स्वतः एक फेरी मारून आला. त्याला काही ऐकू आलं नाही.

"रिकाम्या गाडीला कसा येईल?" मामा म्हणाले. "लोडवर येतो."

हंगाम संपलेला. लोड आणायचा कुठून? गल्लीतली माणसंच मागं बसली. आम्ही नऊजण, सरासरी साठ किलो धरले तरी साडेपाच क्विंटल भरत नव्हतो, म्हणून कुणीतरी दोन बोकड चढवले. साखऱ्याच्या रस्त्याला गाडी थांबली. मामा उतरून मागं आले.

"आला का न्हाई?"

"व्हय मामा, बराबर! रातकिड्यावानी."

"रातकिडा काहून? पाण्याच्या मोटरीवानी हाये."

"बोकडाला बी ऐकू आला, कान बघा त्याचे!"

मोठ्या माणसाला तोंडावर नाही म्हणायची आमच्याकडे पद्धत नाही. मामांनी माझ्याकडे पाहिलं. "मुनीमजी?"

"मला नाही आला, मामा."

"तुमी पोती मोजा," ते म्हणाले. सगळे हसले. मिस्त्री पुढं बसला होता, त्यालाही काही आलं नव्हतं. पण आठ साक्षीदारांपुढं एकटा माणूस काय करणार? "असंल," तो म्हणाला.

त्यानंतर मामा माझ्याशी बोलेनासे झाले. मिस्त्रीनं शाफ्टचं बेअरिंग बदललं; आवाज होताच. मागच्या चाकांमधलं हाऊसिंग उघडलं, आतल्या गिअरच्या दातांवर ओरखडासुद्धा नव्हता. गाडी गॅरेजमध्ये तशीच उघडी पडली, आणि बाजाराच्या शेळ्या दुसऱ्याच्या गाडीतून जाऊ लागल्या.

एका दुपारी दुकानाचा माल पोचवायचं भाडं आलं म्हणून मी त्यांच्या घरी गेलो. लाईट गेलेली, पंखा बंद. मामी तूर निवडत होत्या. गाडी गॅरेजमधून कधी निघते, असं मी विचारलं. उत्तर द्यायच्या ऐवजी मामांनी हात वर केला.

"आला."

"मामा," मी म्हणालो, "गाडी गॅरेजला आहे."

त्यांनी दाराबाहेर पाहिलं. गाडीच्या जागी तेलाचा डाग होता. मामींनी सुपातून मान वर केली नाही. "घरात बी ऐकून राहिले ते. मला इचारलं, मी म्हणलं, व्हय, मला बी येतो."

"अगं, काहून म्हणलीस?"

"तुमाला वाईट वाटलं असतं."

मामा बराच वेळ कानात करंगळी घालून बसले. मी उभाच होतो. खरं सांगितल्याचं कसलंच समाधान मला त्या वेळी वाटलं नाही.

नांदेडच्या कानाच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, आवाज कानातलाच आहे, जाणार नाही, सवय करून घ्या. मामांनी परत स्टिअरिंगला हात लावला नाही. "गाडीचा कोणता अन् माझा कोणता, कसं कळंल? मागं लोकाची लेकरं बसत्यात." गाडी विकली आणि दोघं साखऱ्याला शेतावर राहायला गेली.

मध्यंतरी तिकडं जाणं झालं. मामा घरी नव्हते. "गिरणीत बघा," मामी म्हणाल्या. त्यांच्या पुतण्याची पिठाची गिरणी आहे. मामा आत भिंतीला टेकून बसले होते, भुवयांवर पीठ, डोळे मिटलेले. गिरणीच्या घरघरीत दुसरं काही ऐकू येत नाही, म्हणून दिवसभर तिथंच बसतात, असं पुतण्यानं माझ्या कानाशी ओरडून सांगितलं. गाढ झोपलेल्या माणसासारखा चेहरा होता.

तेवढ्यात लाईट गेली. पट्टा मंदावत मंदावत थांबला. दळणाला आलेल्या बाया डबे तिथंच ठेवून बाहेर सावलीला गेल्या. मामांनी डोळे उघडले, मला ओळखलं, आणि माझं मनगट घट्ट धरलं.

"मुनीमजी, बोला. काय बी बोला."

मी त्यांना सोयाबीनचा भाव सांगितला. मग तुरीचा, मग हरभऱ्याचा. ते मान हलवत राहिले. भाव संपले तेव्हा मी पुन्हा सोयाबीनपासून सुरुवात केली.