किनाऱ्यावर ठेवलेली पिशवी

आधी माफी मागतो. आईवडील अंगठा लावणारे. मी बी.ए.ला नाव घातलं तेही पोलिसातून निवृत्त झाल्यावर. लिहिण्याचा सराव रोजनाम्यापुरता. पण ती घटना आजही आठवली की संताप येतो, म्हणून हे धाडस. ती माझ्या ठाण्यातलीही नाही, जपानमधली आहे.

तिथल्या त्सुनामीला काही वर्षं झाली होती. मी सेंदाई शहरात मुलीकडे राहत होतो. उत्तरेच्या एका कोळीगावात, जाळ्यांच्या शेडमध्ये परका माणूस लपल्याची खबर तिथल्या पोलीस ठाण्याला मिळाली. पकडलेला माणूस मोडकीतोडकी हिंदी बोलत होता, म्हणून दुभाषी म्हणून मुलीला बोलावलं. मी निवृत्त पोलीस हे कळल्यावर तिथल्या अधिकाऱ्यांनी मलाही खुर्ची दिली.

"साहब, मास्टर हूँ. स्कूल जला दिया, मुझे भी मारते. जहाज से कूदा."

आश्रयाच्या अर्जाला पुरावा हवा, नाहीतर परत पाठवणार होते. मी सवयीने दरडावलं, "कागज कहाँ है?"

"बाबा, हे तुमचं ठाणं नाही. आवाज खाली," मुलगी म्हणाली.

कागद पिशवीत होते, त्याने सांगितलं. ती भिजली होती, म्हणून वाळायला किनाऱ्यावर दगडाखाली ठेवली होती. आत शाळेचं ओळखपत्र आणि बायकोसोबतचा फोटो.

"मग मुद्देमाल कुठाय? पंचनामा?" मी विचारलं.

मुलीने जपानीत विचारलं. अधिकारी अभिमानाने सांगू लागले. गावकरी दर रविवारी किनारा साफ करतात. पिशवी सापडली, तशी तिची नियमाप्रमाणे वर्गवारी केली: कापड-कागद जळणाऱ्या कचऱ्यात, आतली बाटली प्लास्टिकमध्ये. जळणारं जाळूनही झालं.

"माणसाचा पुरावा जाळला आणि वर कौतुक सांगताय?"

मुलीने याचं भाषांतर केलं नाही.

"फोटोसुद्धा जाळला का, एवढं तरी विचार."

अधिकाऱ्यांनी गावात फोन लावला. त्सुनामीत वाहून गेलेल्यांची तेवढीच आठवण उरली, तेव्हापासून त्या गावात सापडलेला फोटो कुणी टाकत नाही. चिखल धुऊन, वाळवून ठेवतात. एका आजीबाईंकडे तो निघाला. शाळेच्या दारात मास्तर, शेजारी बायको. मास्तरांनी तो दोन्ही हातांनी घेतला. मला वाटलं, केस उलगडली.

पुरावा मुद्दाम नष्ट करणाऱ्यावर मी गुन्हे दाखल केलेत. इथे कुणाचाच हेतू वाईट नव्हता, म्हणून कुणीच जबाबदार नव्हतं. हा राग माझ्यावरही आहे. वस्त्या हटवताना लोकांच्या ट्रंका 'भंगार' लिहून मीच ट्रकमध्ये टाकायला लावल्या. एकही उघडून पाहिली नाही.

परवा मुलीचा फोन आला. मास्तरांचा अर्ज नामंजूर. कारण: अर्जदाराने ओळखपत्र सादर केलं नाही.