जांभळं की गुलाबी

दुसऱ्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्राच्या प्रॅक्टिकलला मॅडमनी प्रत्येकाच्या हातात एकेक नळी दिली आणि आत कोणता जीवाणू आहे ते ओळखायला सांगितलं. जीवाणू रंगवायची, म्हणजे स्टेन करायची, रीत आम्हाला पहिल्या वर्षापासून पाठ होती. काचेच्या पट्टीवर एक थेंब पसरायचा, ज्योतीवरून फिरवून वाळवायचा, त्यावर जांभळा रंग, मग आयोडीन, मग अल्कोहोलनं धुवायचं आणि शेवटी गुलाबी रंग. ज्या जीवाणूंची भिंत जाड असते ते जांभळा रंग सोडत नाहीत. बाकीचे धुऊन निघतात आणि गुलाबी होतात. मायक्रोस्कोपला डोळा लावायचा आणि सांगायचं, जांभळं की गुलाबी.

मी सांगितलं, गुलाबी. मॅडम येऊन बघून गेल्या आणि म्हणाल्या की हे तर जांभळं आहे, नीट बघ. मी नीट बघितलं. लांबट काड्यांसारखे जीवाणू होते, स्पष्ट दिसत होते. रंगाचं मात्र मला काहीच सांगता येईना. मी दुसरी पट्टी केली. ती बघून मी जांभळं म्हणालो. ते बरोबर आलं, पण मला आतून माहीत होतं की मॅडम म्हणाल्या होत्या म्हणून मी म्हणालो.

पहिल्या वर्षी माझं कधी अडलं नव्हतं. तेव्हा द्राक्षाच्या घोसासारखे गोल जीवाणू असायचे ते जांभळे आणि काड्या असायच्या त्या गुलाबी. मी रंग बघतोय असं मला वाटायचं, पण मी आकार बघत होतो. आता दोन्हीकडे काड्याच आल्या आणि माझा आधार गेला.

पुढच्या प्रॅक्टिकलला पुन्हा तेच. त्याच्या पुढच्यालाही तेच. मी अल्कोहोल कमी घालून बघितलं, जास्त घालून बघितलं. बाकीची मुलं वही लिहून घरी जायची आणि मी बेसिनपाशी पट्ट्या धूत उभा. माझ्या शेजारच्या टेबलावरची मुलगी महाडचीच होती, वर्गात हुशार. एकदा तिनं स्वतःहून माझ्या मायक्रोस्कोपमध्ये डोकावून बघितलं.

"तुझा स्टेन उत्तम आलाय. काय शोधतोयस तू?" ती म्हणाली.

मी म्हटलं, काही नाही. आणि पिशवी उचलून एस.टी. स्टँडवर गेलो.

आमचं घर पोलादपूरच्या वर, डोंगरातल्या वाडीत. वडील मुंबईला एका कारखान्याच्या कँटीनमध्ये. घरी आई, मी आणि धाकटी बहीण. रोज पोलादपूरपर्यंत उतरायचं, तिथून महाडला कॉलेज. औद्योगिक वसाहतीतल्या औषधांच्या कंपन्यांत प्रयोगशाळा असतात, तिथं आमच्या कॉलेजची मुलं लागतात. शिफ्ट सुटल्यावर गळ्यात ओळखपत्र अडकवलेली माणसं स्टँडवर दिसली की मी त्यांच्याकडे बघत राहायचो. आपणही असंच लागायचं, वडिलांना परत आणायचं, असं मी ठरवून टाकलं होतं. आईनं तर ते वाडीत सांगूनही टाकलं होतं.

त्या आठवड्यात मॅडमनी परीक्षेसाठी प्रश्नसंच दिला. पेशी, आनुवंशिकता, सूक्ष्मजीव, सगळे मिळून पानंच्या पानं. गाडीत बसून मी ते वाचत होतो. पेशीतलं ऊर्जाकेंद्र कोणतं, दोन गुणसूत्रांत अदलाबदल कधी होते, असे एकामागून एक. मध्येच एक प्रश्न आला. एका बाईची नजर चांगली आहे, तिच्या नवऱ्याचीही चांगली आहे, पण त्यांच्या मुलाला लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही. हा गुण मुलाला कोणाकडून आला? कारण द्या.

हा प्रश्न मी आधी कितीदा सोडवला होता. उत्तर सरळ होतं, आईकडून. मुलाला एक्स गुणसूत्र आईकडूनच येतं. मी पान उलटलं आणि मग परत मागे आलो.

उरलेल्या रस्त्यात मी खिडकीतून दिसेल त्या वस्तूचा रंग मनात म्हणत गेलो आणि प्रत्येक वेळी मला कळेना की हा रंग मला दिसतोय की माहीत आहे. एस.टी. लाल असते म्हणून ती लाल. झाड हिरवं असतं म्हणून ते हिरवं. रस्त्याकडेला कुणाची तरी ओढणी वाळत होती. तिचा रंग मला आधीपासून माहीत नव्हता आणि तो मला सांगता आला नाही.

दोन दिवस मी कुणाला काही बोललो नाही. जेवताना ताटाकडे बघायचो, बहिणीच्या दप्तराकडे बघायचो, तिला मुद्दाम विचारायचो की हे पेन कुठल्या रंगाचं. ती वैतागली. शेवटी महाडला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी ठिपक्याठिपक्यांची चित्रं असलेलं एक पुस्तक पुढं धरलं. पहिल्या पानावरचा आकडा मी वाचला. नंतरच्या पानांवर मला नुसते ठिपके दिसले. डॉक्टर म्हणाले की हे जन्मापासून आहे, वाढणार नाही आणि त्यावर औषधही नाही. आजवर चाललं तसंच पुढंही चालेल, असं म्हणून त्यांनी पुस्तक मिटलं. मी त्यांना कंपनीतल्या प्रयोगशाळेचं विचारलं. ते म्हणाले, तिथं घेताना रंगांची तपासणी करतात.

आईला सांगितलं तेव्हा ती भाकऱ्या थापत होती. तिनं आधी माझ्या डोळ्यांत बघितलं, तिथं काहीतरी दिसणार असल्यासारखं. मग म्हणाली, "म्हणून तू परड्यातून हिरव्या मिरच्या आणायचास व्हय. मी लाल आण म्हणायची आणि तू हिरव्या आणायचास. मी तुला वेंधळा म्हणायची."

मी म्हटलं, जाऊ दे ते. पण तिनं पुढचं विचारलंच. हे झालं कशानं? मला खोटं सांगता आलं असतं. प्रश्नसंचातलं उत्तर मी तिला तिच्या भाषेत सांगितलं. बाईकडे दोन असतात, त्यातलं एक बिघडलेलं असलं तरी दुसरं काम भागवून नेतं, म्हणून तिला सगळं दिसतं. मुलाला मात्र आईकडून एकच मिळतं. चांगलं मिळालं तर चांगलं, नाहीतर असं.

"म्हंजे माझ्याकडून आलं."

"तुझा काय दोष त्यात? तुला तरी कुठं ठाऊक होतं?"

तव्यावरची भाकरी करपली आणि दोघांच्याही लक्षात आलं नाही. त्यानंतर कितीतरी दिवस ती मधूनच काम सोडून माझ्यापाशी यायची आणि काहीतरी विचारायची. पोटुशी असताना काही खाल्लं असेल का, ग्रहणात बाहेर गेले होते का. मी नाही म्हणायचो. ती जायची आणि परत यायची. एका सकाळी तिनं साडी बदलली आणि म्हणाली, "मला कुठनं आलं ते तरी कळू दे. चल, दादाकडे जाऊ."

दादा म्हणजे माझा मामा. तुडीलला सावित्रीच्या काठी त्याची भातशेती आणि थोडी झाडं. लहानपणी मे महिन्यात आम्ही तिथंच असायचो. कोकमाचे रातांबे पिकून लाल झाले की मामी आणि आम्ही मुलं झाडावरून काढायचो. मामा फक्त खाली पडलेले वेचायचा. पडलेलं तेच खरं पिकलेलं, असं तो म्हणायचा आणि आम्हाला ते पटायचं.

मामा अंगणात दोरी वळत बसला होता. चहा झाला, इकडचं तिकडचं झालं. आई मध्येच म्हणाली, "दादा, तुला तांबडं दिसतं का रे?"

मामाचे हात थांबले. त्यानं मामीकडे बघितलं. मामी आत निघून गेली. मग त्यानं दोरी बाजूला ठेवली आणि जे सांगितलं ते आईला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं. मामाला तरुणपणी रेल्वेत नोकरी लागत होती. सगळं झालं होतं, शेवटची डोळ्यांची तपासणी राहिली होती. तिथं असंच एक पुस्तक पुढं धरलं आणि त्याला घरी पाठवलं. गावात येऊन त्यानं सांगितलं की मला परमुलखात राहायचं नाही, शेती बरी. आजोबा त्याच्यावर चिडले होते, कित्येक महिने धड बोलत नव्हते. तरी त्यानं खरं सांगितलं नाही. डोळ्यांत खोट असलेल्याला मुलगी कोण देणार, ही भीती. मामीला लग्नानंतर कळलं आणि तिनंही ते पोटात ठेवलं.

आई रडायला लागली. मामा तिला म्हणाला की रडण्यासारखं काय आहे, माझं काही अडलं का. मग त्यानं मला विचारलं की तुला कसं कळलं. मी सांगायला लागलो. आजीकडून तुला आणि आईला, आईकडून मला. तिथंच मी थांबायला हवं होतं, पण परीक्षेसाठी पाठ केलेलं सगळं ओठांवर होतं. मुंबईला दिलेली त्याची मुलगी, तिच्यात हे येणारच, हेही मी बोलून गेलो.

"तिला दिसतं सगळं," मामा म्हणाला.

"तिला दिसेल. तिच्या मुलाला कदाचित नाही दिसणार."

मामा उठला. आम्हाला जेवायला थांबा म्हणाला नाही. आम्ही निघताना फाटकापर्यंत आला आणि एवढंच बोलला की हे कुणापाशी बोलू नका, पोरीच्या सासरी कळायला नको.

मी ते बोललो नाही, पण मला चैन पडेना. मामाचा नातू तेव्हा बालवाडीत होता. त्याची आई, म्हणजे मामाची मुलगी, आमची ताई, फोनवर माझ्या आईला सांगायची की त्याला रंग येत नाहीत, झाडाचा बुंधा हिरवा करतो आणि पानं तपकिरी, बाई ओरडतात, मग घरी तीही ओरडते. आई हां हां म्हणायची आणि फोन ठेवून माझ्याकडे बघायची. मी बाहेर पडायचो आणि उगाच वाडीच्या टोकापर्यंत जाऊन यायचो.

कॉलेजात मी मॅडमना खरं सांगितलं. त्यांना धक्का वगैरे बसला नाही. इतके दिवस पट्ट्या धुवायला लावल्या याचं वाईट वाटलं, असं त्या म्हणाल्या. त्यांनी विभागप्रमुखांशी बोलून घेतलं. तेव्हापासून स्टेन मी करायचो, आकार मी सांगायचो आणि रंग शेजारच्या टेबलावरची ती मुलगी सांगायची, सगळ्यांसमोर. मी पास झालो. कंपनीतल्या नोकरीचा विषय मी मनातून काढला असं म्हणायचो, तरी स्टँडवर ओळखपत्रवाली माणसं दिसली की मान वळायचीच.

पावसाळा संपता संपता मामा एक दिवस अचानक आमच्या वाडीत आला. एस.टी.नं पोलादपूर आणि तिथून चालत. नातवाला रंगांवरून बोलणी बसतात हे त्याच्याही कानावर गेलं होतं. पाणीसुद्धा न पिता मला म्हणाला की ताईला फोन लाव. मी लावून दिला. तो पडवीत उभा राहूनच बोलला.

"पोराला रंगावरून बोलू नको. तो खोटं करत नाय. त्याला तसंच दिसत असंल. मला पण तसंच दिसतं."

पलीकडून ताईनं काहीतरी विचारलं. मामा म्हणाला, "हां. रेल्वेची नोकरी त्याच्यापायीच गेली." आणि फोन माझ्या हातात दिला.

ताईनं दुसऱ्याच दिवशी मुलाला तपासायला नेलं. त्याची नजर अगदी चांगली निघाली. ठिपक्यांतले सगळे आकडे त्यानं बोटानं गिरवून दाखवले. त्याला हिरवा खडू आवडत होता, म्हणून बुंधा हिरवा आणि पानांना उरलेला तपकिरी. ताईनं फोनवर हे सांगितलं तेव्हा आई हसली, मग मामाला कळवायला घाबरली. मीच कळवलं. आपण उगाच तोंड उघडलं असं मामाला वाटेल, अशी मला धास्ती होती. मामा म्हणाला, "बरं झालं." मग म्हणाला की ताईनं त्याला मुंबईला चार दिवस राहायला बोलावलंय. आणि तो गेलाही.

आता मी महाडला एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना जीवशास्त्र शिकवतो. वडील अजून मुंबईलाच आहेत. बहिणीला या वर्षी स्थळं बघतोय आणि घरात नवीन वाद सुरू झालाय, सांगायचं की नाही. आई म्हणते विचारलं तर सांगू. बहीण मला विचारते, "माझ्यात हाय का नाय, ते सांग." मी सांगतो, शक्यता निम्मी. ती म्हणते ते पेपरात लिही, मला हो का नाय ते सांग. तेवढं माझ्याकडे नाही. तपासण्या असतात, पण मुंबईला जाऊन चौकशी करावी लागेल. ते मी पुढं ढकलतोय आणि ढकलतोय हे तिला कळतंय.

मागच्या रविवारी पोलादपूरचे पाहुणे बहिणीला बघायला आले होते. पोहे झाल्यावर बहिणीनं कुणाला न विचारता सगळं सांगून टाकलं. भावाला रंग कळत नाहीत, मामाला कळत नाहीत, माझ्या मुलालाही कदाचित कळणार नाहीत. आईनं डोळे मिटून घेतले. मुलाची आई जरा विचार करून म्हणाली, "आमच्याकडे सगळ्यांना साखर हाय. पन्नाशीला लागते." मुलगा खाली मान घालून हसला. मग भाताविषयी बोलणं निघालं आणि कळवतो म्हणून ते उठले.

ते गेल्यावर बहीण शेजारी गप्पा मारायला निघून गेली. आई कप धुवायला बसली. धुऊन झालेले कप तिनं परत पाण्यात टाकले आणि परत धुवायला घेतले. मी तिच्या हातातून कप घेतला, खुंटीवरचं फडकं काढलं आणि एकेक कप पुसून फळीवर लावू लागलो.