ओमाहाला येऊ नकोस, असं सांगितलेला माणूस

गुडघ्यांवर बर्फाच्या पिशव्या बांधून ओरेल थ्रेडगिल सोफ्यावर डुलकी घेत होता, तेवढ्यात बफेलोच्या बास्केटबॉल संघानं त्याला ओमाहाच्या संघाला देऊन टाकलं. फोन रेनाटाचा होता. त्याचे सगळे करार तीच बघायची.

"झोपला होतास?"

"होतो."

"तुला ओमाहाला दिलंय. पण ओमाहाला जाऊ नकोस."

ओरेलला वाटलं, अजून स्वप्नातच आहोत. "गेलो नाही तर खेळणार कसा?"

"खेळायचं नाहीच. ते तुला आजच मोकळं करतील. पगार पूर्ण मिळेल, त्याची काळजी नको." मग तिनं समजावून सांगितलं. बफेलोच्या खेळाडूंच्या पगारांची बेरीज लीगनं आखलेल्या रेषेच्या थोडी वर गेली होती. हंगाम संपताना ती तशीच राहिली, तर मालकांना वरच्या प्रत्येक डॉलरवर जबर कर बसणार होता. ओरेलचा पगार वजा केला की संघ अलगद रेषेखाली येत होता. ओमाहाकडे जागा होती. हे ओझं उचलल्याबद्दल त्यांना थोडे पैसे मिळणार होते आणि कुठल्याशा पुढच्या वर्षी एक नवा पोरगा निवडायचा हक्क.

"आणि माझ्या बदल्यात बफेलोला काय मिळालं?"

"तू नसणं मिळालं, ओरेल."

त्याला हसू आलं. आजवर बऱ्याच गावांनी त्याला घेतलं होतं, दिलं होतं. दर वेळी बदल्यात कुणीतरी यायचं, निदान सेंटरच्या जागी खेळणारा एखादा लंगडा तरी. नुसत्या रिकाम्या जागेसाठी तो पहिल्यांदाच गेला होता.

बायको, लोरेटा, हॉस्पिटलातली नर्सची ड्यूटी संपवून परतली. तिनं सगळं ऐकून घेतलं. "बरं झालं. घरी बस आता. गॅरेजचं दार कधीचं कुरकुरतंय."

सकाळी मात्र तो बूट घालून उभा. "ओमाहा बघून येतो."

"अरे, ते नको म्हणाले ना तुला?"

"म्हणूनच."

लोरेटानं त्याच्याकडे नीट पाहिलं. मग थर्मासमध्ये कॉफी भरून दिली. "बर्फ वाढला तर थांब कुठेतरी. हट्ट करू नकोस."

गाडीच्या उजव्या हाताला गोठलेलं ईरी सरोवर बराच वेळ सोबत चाललं, मग कधी सुटलं ते कळलंही नाही. आयोवात तर जमीन पांढरी, आभाळ पांढरं आणि मधे रस्त्याची एक राखाडी रेघ. रेडिओवर एकदा त्याचं नाव आलं, एकाच वाक्यात, आणि लगेच हवामान सुरू झालं. ओरेलला विचित्र हलकं वाटत होतं. या घडीला तो कुठल्याच गावाचा नव्हता. गाडी जात होती की शेतंच मागे वाहत होती, हेही त्याला धड सांगता आलं नसतं.

रविवारी दुपारी ओमाहाचा सामना होता. त्यानं तिकीट काढलं, अगदी वरच्या रांगेतलं. इतक्या उंचावरून त्यानं हा खेळ लहानपणानंतर पाहिलाच नव्हता. खाली खेळाडू पाण्यातल्या माशांसारखे सरकत होते. बुटांची करकर इथवर येईतो मऊ होऊन जात होती. शेजारी एक म्हातारी बसली होती, मांडीवर गोड पावांचा पत्र्याचा डबा घेऊन.

"कोलाचे घे," ती म्हणाली. "जर्दाळूचे आहेत. पाहुण्या संघाचा असशील तर मात्र परत ठेव."

"नाही बाई. तुमच्याच संघाचा." बोलून झाल्यावर त्याला जाणवलं, की हे तसं खरं होतं. एका दुपारपुरतं.

"बफेलोचा कुणीतरी घेतला म्हणे आपण, आणि जेवायच्या आत हाकलला. मला नाही आवडलं. आला होता तर निदान तोंड तरी बघायचं त्याचं."

"उंच आहे," ओरेल म्हणाला.

"सगळेच उंच असतात. तूही आहेस." तिनं मान वर करत करत त्याला न्याहाळलं. मग डब्याचं झाकण हळूच लावलं. "अरे देवा. तूच का तो?"

"मीच."

"आणि ते नको म्हणाले तरी आलास?"

"गाव बघायला."

म्हातारीचं नाव व्लास्टा कुचेरा. उरलेला सामना तिनं जवळजवळ पाहिलाच नाही. त्याचं माहेर-सासर विचारावं तसं सगळं विचारून घेतलं: मिसिसिपीतलं गाव, आई, लोरेटा. शेवटी म्हणाली, "खरं सांग, गुडघे कसे आहेत?"

"संपलेत."

"मग आमच्यात चालतील. मंगळवारी ये चर्चच्या हॉलमध्ये. आमचा कोच ॲरिझोनाला जाऊन बसलाय उन्हात."

तो साठी उलटलेल्या बायकांचा संघ होता. त्यांचे नियम वेगळे: पळायचं नाही, उडी मारायची नाही. ओरेल दारातच थबकला. बायका भराभर पावलं टाकत होत्या, चेंडू एका हातातून दुसऱ्या हातात निवांत जात होता आणि खिडकीतलं बर्फाळ ऊन सगळ्यांवर सारखं पडलं होतं. झोपेत तो बरेचदा असाच खेळायचा, काही न दुखता.

"बघत काय राहिलास?" व्लास्टा ओरडली. "डोरिस सारखी पळतेय. सांग तिला."

"पळत नाही मी," डोरिस म्हणाली. "माझी चालच अशी आहे."

आठवड्यासाठी त्यानं खोली घेतली, मग महिन्यासाठी. रेनाटाचा फोन आला. पश्चिमेकडच्या एका संघाला थोड्या दिवसांसाठी राखीव म्हणून बाकावर बसायला माणूस हवा होता. ओरेलनं लोरेटाला फोन करून विचारलं.

"तुला जायचंय?"

"नाही."

"मग मला कशाला विचारतोस? मी पुढच्या आठवड्यात सुट्टी काढून येतेय. त्या डोरिसला बघायचंय मला."

ती आली. व्लास्टानं पहाटे दोघांना प्लॅट नदीवर नेलं. वाळूवर हजारो करकोचे उभे होते, आणि उजाडताच ते सगळे एकदम उठले. परतताना गाडीत लोरेटा म्हणाली, "इथल्या हॉस्पिटलात नर्स हव्यात का, विचारून बघते."

शरद ऋतूत त्यांनी ओमाहात लहानसं घर घेतलं. ओरेलनं खेळ सोडला. बफेलोचे मालक त्या वर्षी रेषेखाली राहिले, कर वाचला; ओरेलला त्याचा राग नव्हता. कुणी विचारलंच तर तो एवढंच म्हणायचा, "हिशेब त्यांचा बरोबर होता."

वसंतात नदीपलीकडच्या आयोवाच्या बायका खेळायला आल्या. शेवटच्या मिनिटाला व्लास्टानं लांबून चेंडू फेकला. तो इतका सावकाश गेला, की ओरेलला बाकावरून त्याच्या शिवणी मोजता आल्या असत्या. चेंडू बास्केटच्या कड्यावर बसला, थोडा फिरला आणि बाहेर पडला. आयोवा जिंकली.

"पंच आंधळा आहे," व्लास्टा म्हणाली.

"पंचाचा काय संबंध, बाई?"

"काही नाही. पाणी दे."

त्यानं बाटली उघडून तिच्या हातात दिली.