कालचं फूल

आमच्या कारभारणीला एकच डोळा होता, पण त्या एका डोळ्याला सगळा फुलबाजार वचकून होता. डाव्या डोळ्यात लहानपणीच काडी लागून फूल पडलं होतं. कोणी विचारलं तर सांगायची, "देवानं एक फूल डोळ्यातच खोवून पाठवलंय." उजव्या डोळ्यानं मात्र लांबूनच क्रेटमधला शिळा झेंडू ओळखायची. एखाद्यानं कालच्या फुलांवर पाणी मारून ताजी म्हणून खपवायला बघितलं, की कमरेवर हात ठेवून म्हणायची, "आंघोळ घातली म्हणून म्हातारा नवरदेव होतो व्हय रे?" बाजार हसायचा. त्या माणसाचं तोंड पडायचं, पण दुसऱ्या दिवशी तोच तिला चहा पाजायचा.

मखमलाबादला आमचा मळा. मी फुलं तोडायचो, ती ओवायची आणि विकायची. संध्याकाळी उरलेली फुलं ती खताच्या खड्ड्यात टाकायची. मी चिडायचो. "अगं, सकाळी वरती चार ताजी ठेवली तर कोणाला दिसतंय?"

"मला दिसतंय ना," म्हणायची. बास. टोपली खड्ड्यात उपडी करायची.

दसऱ्याला तर तिच्या अंगात यायचं. बाजाराच्या माळा झाल्यावर घरच्या माळा. विळ्याला, फावड्याला, विहिरीवरच्या मोटारीला, सातपूरला कंपनीत जाणाऱ्या पोराच्या गाडीला. एकदा माझ्या काठीलाही बांधली. "वर्षभर तुमचं वजन सोसती बिचारी, तिला नटवायला नको?" असं बोलायची आणि स्वतःच हसायची.

त्या साली दसऱ्याच्या आदल्या दिवशी, दिवे लागायच्या वेळेला ती पडवीत माळा ओवत बसली होती. एकदम सुई टाकली आणि कपाळ धरलं. "भुवईत कोणी पहार मारतंय," म्हणाली. तिथंच ओकली. मग बल्बाकडं बघून म्हणाली, "अवो, दिव्याला माळ कोणी घातली? पिवळी, लाल, हिरवी, लय झाक दिसती."

आम्ही हसलो. तीही हसली. दसऱ्याच्या दिवसांत फुलवाल्याचं डोकं दुखत नाही असं एक घर आमच्या आळीत दाखवा. जागरण, उपाशी पोट, दिवसभर मान खाली. सगळ्यांचं एकच औषध. सुंठेचा लेप लावा, फडकं आवळून बांधा, पित्त पडलं की उतार पडतो. डोळा लाल झाला होता, तर म्हणाली झेंडूची धूळ गेली असंल. त्या गडबडीत उरलेली फुलं खड्ड्यात टाकायची राहून गेली.

पोरगा म्हणाला, "आई, दवाखान्यात चल. एकच डोळा हाय तुला."

"दसऱ्याच्या तोंडावर? फुलं थांबत्यात का कोणासाठी? सोनं वाटून झालं की जाऊ. डोकं काय पळून चाललंय?"

डोकं कुठं पळालं नाही. डोळा पळाला.

दसऱ्याला सकाळी डोक्याला फडकं बांधून ती बाजारात बसली. जुनं गिऱ्हाईक आलं. हिनं हातातली माळ दिली. ती बाई माळ बघून हळूच म्हणाली, "मावशी, ही कालची वाटती हो." शेजारच्या विक्रेत्यांनी माना वळवल्या. तिच्या हातून कालचं फूल गेलं, असं कधी झालं नव्हतं. तिनं माळ परत घेतली, डोळ्याजवळ नेली, बोटांनी चाचपली. मग माझ्याकडं तोंड करून म्हणाली, "अवो, मला फूलच दिसत नाय."

क्रेट तसेच टाकून आम्ही दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई पोरीच्या वयाची होती. तिनं तपासलं, थेंब टाकले, सुई दिली, वर लेझरही मारलं. डोकं दुखायचं राहिलं, दिसणं परत आलं नाही. ती म्हणाली, "आजोबा, हे पित्त नव्हतं. डोळ्यातलं पाणी तुंबून दाब वाढला आणि नस दबून गेली. दिव्याभोवती रंगीत कडं दिसलं, तेव्हाच यायला हवं होतं."

कारभारीण म्हणाली, "म्हणजे पाट तुंबला आणि मळा जळाला." 

दिवाळीला सुनेनं पणत्या लावल्या. मी विचारू नये ते विचारलं, "दिव्याला माळ दिसती का गं?" म्हणाली, "दिवाच दिसत नाय, माळ कुठली. तुम्ही सांगा, किती लावल्यात." मी सांगत बसलो. पुढंही ती ओवायची. फूल नाकाला लावून शिळं-ताजं ठरवायची, पण बाजारात काही आली नाही. "आंधळ्या बाईचं फूल लोक दयेनं घेतील. मला नाय चालायचं." थंडीत छातीत कळ आली आणि ती गेली. तिच्या माळेसाठी मी एकेक फूल निवडून तोडलं. दोरा ओवता येईना. सुनेनं ओवून दिली.

यंदा पितृपक्षात शेजारची धुरपदाबाई ओट्यावर कपाळ धरून बसली होती. डोक्याला फडकं, शेजारी ओकायला पातेलं. मी विचारलं, "काय झालं?"

"पित्त झालंय दादा. डोळ्यापुढं अंधारी येती. आणि गंमत बघा, दिव्याभवती कडं दिसतंय."

मी ते पातेलं लाथेनं उडवलं. "ऊठ!" म्हणालो. ती म्हणाली, "अवो, भाकरी तव्यावर हाय!" "जळू दे तुझी भाकरी!" तशीच रिक्षात कोंबली. माझ्या पायात चप्पल नव्हती, ते दवाखान्याच्या फरशीवर कळलं. तीच डॉक्टरीणबाई होती. तिनं मला ओळखलं. बाहेर येऊन म्हणाली, "आजोबा, वेळेत आणलंत. डोळा वाचेल."

वेळेत. मी भिंतीकडं तोंड करून उभा राहिलो.

परवा धुरपदाबाई दसऱ्याचं सोनं द्यायला आली. कारभारणीच्या फोटोपुढं हात जोडले, आणि बघतच राहिली. मग मला म्हणाली, "दादा, राग नका धरू. पण वैनीच्या फोटोला माळ कालची घातली हो तुम्ही. मला दिसती ना."

मी उठलो. काठी घेतली आणि ताजी फुलं आणायला मळ्यात गेलो.